झडती सामानाची आणि झडती शब्दांची

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आज पालघर जिल्ह्यांत शेजारीं शेजारीं नांदतात. परंतु १९४८ पर्यंत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें आणि मोखाडा इंग्रजी अमलाखालील ठाणे जिल्ह्यांत मोडत असे. डोक्यावर मोळी घेऊन इकडून तिकडे जाणारा वारली एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत पाऊल टाकी. पुढें संस्थान गेलें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं जिल्हाहि नवा झाला. परंतु वाटसरूला अडवून विचारावयाचा प्रश्न मात्र गेला नाहीं. हा प्रश्न दोन प्रकारचा असतो. ‘तुझ्या गाठोड्यांत काय आहे?’ हा एक. आणि ‘तूं पुढें जाऊन काय बोलणार आहेस?’ हा दुसरा. ह्या दोहोंमधील अंतर ज्यांना मराठींतून समजून घ्यावयाचें असेल, त्यांनीं गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक पुन्हा एकदां हातीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें आणि १९७२ सालीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखिका कायद्याच्या पदवीधर. प्रथम भारत सेवक समाजाच्या आणि पुढें किसान सभेच्या कार्यकर्त्या. पुस्तकाचा विषय १९४५ पासून डहाणू-उंबरगांवकडे उठलेला आणि पुढें जव्हारच्या बाजूसहि पसरलेला वारल्यांचा लढा हा आहे. लग्नासाठीं कर्ज काढून जन्मभर सावकाराच्या दारीं राबणारा ‘लग्नगडी’, फुकट घ्यावयाची वेठ, गवतकापणीची तुटपुंजी मजुरी, ह्या सर्वांची हकीकत त्यांत आली आहे. परंतु ती नुसती दुःखांची यादी नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्याच्या किसान परिषदेंत माह्या धांगडा हा वारली व्यासपीठावर उभा राहून आपल्या लोकांची कहाणी सांगतो. आमच्या मतें पुस्तकाचा खरा आरंभ तेथें आहे. वेठ अजून सुटावयाची होती. जीभ मात्र त्या दिवशीं सुटली. माणूस जागा होतो म्हणजे तो बोलूं लागतो, हें तत्त्व बाईंनीं कोठेंहि सूत्ररूपानें मांडलेलें नाहीं. पण त्यांच्या साध्या, ओसरीवर बसून सांगितल्यासारख्या निवेदनांतून तें आपोआप उमगतें, आणि हाच ह्या पुस्तकाचा मोठा वाङ्मयीन गुण होय.

आणि म्हणूनच सत्तेची दृष्टि प्रथम ह्या जिभेकडे वळली. १९४५ च्या ऑक्टोबरांत तलवाड्याला गोदावरीबाई येणार अशा समजुतीनें हजारों वारली जमले असतां पोलिसांनीं गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण प्राणांस मुकले. पुढें १९४६ मध्यें परुळेकर पतिपत्नींस ठाणे जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. त्या वेळीं मुंबईंत लोकनियुक्त मंत्रिमंडळ होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सरकारचीहि बाजू होतीच: मुलूख पेटला आहे, शांतता राखणें हें आमचें कर्तव्य आहे, असें तें म्हणे. तें कर्तव्य कोणी नाकारीत नाहीं. परंतु हद्दपारीचा हुकूम गाठोडें सोडून पाहत नाहीं. तो माणसाच्या हातांत काय आहे हें न विचारतां त्याच्या तोंडून काय निघेल याचा अदमास बांधतो, आणि त्या अदमासावर वाट बंद करतो. हा हुकूम इतिहासजमा झाला असें मानूं नये. १९५१ च्या पोलिस कायद्याच्या ५६ व्या कलमांत तो अद्याप सुखरूप आहे, आणि ‘तडीपार’ हा शब्द महाराष्ट्रांत लहान मुलालाहि कळतो.

येथें पुस्तकाचें एक उणें सांगितलें पाहिजे. बाई सभाबंदीला आणि हद्दपारीला शत्रूचे डावपेंच समजतात. लढणाऱ्याला असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु बोलण्याचा अधिकार हा केवळ आपल्या बाजूचें हत्यार आहे, कीं तो विरोधकालाहि तितकाच देणें लागतो, ह्या प्रश्नाशीं पुस्तक थांबत नाहीं. त्यामुळें अन्यायाची चीड वाचकाच्या मनांत उत्पन्न होते, पण न्यायाचा नियम त्याला स्वतःच शोधावा लागतो. तो शोधण्यास आज विमानतळासारखें दुसरें ठिकाण नाहीं.

विमानतळावर प्रवाशाला दोन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार झडतीचें. डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून दिल्लीस येणारें विमान पळवून कंदाहारला नेण्यांत आलें, आणि त्यानंतर २००० सालापासून, जयपूरहून आरंभ करून, विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यांत आला. येथें जोडे, पट्टा, लोणच्याची बरणी, सर्व कांहीं काढून दाखवावें लागतें. त्रास होतो, पण अपमान होत नाहीं. कारण येथें मंत्र्याला आणि टीकाकाराला चाकू सारखाच वर्ज्य आहे. दुसरें दार परदेशीं जाणाऱ्यांच्या परवान्याचें. तेथें वस्तूंऐवजीं नांव पाहतात, आणि तें नांव सरकारच्या यादींत असलें तर पाऊल तेथेंच थांबतें. आपलें नांव यादींत आहे हें पुष्कळदां त्या माणसाला दारांत उभें राहिल्यावरच कळतें.

११ जानेवारी २०१५ रोजीं दिल्लीच्या विमानतळावर ग्रीनपीस संस्थेच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांच्या बाबतींत असेंच घडलें. मध्यप्रदेशांतील महान येथील कोळशाच्या खाणीमुळें तेथील वनवासी लोकांच्या हक्कांवर काय संकट येईल, हें ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांपुढें सांगण्यासाठीं त्या लंडनला निघाल्या होत्या. त्यांच्या सामानांत कांहीं सांपडलें अशी तक्रार नव्हती. त्या तेथें जें बोलतील त्यानें देशाची प्रतिमा डागाळेल, असें सरकारचें म्हणणें होतें. जंगलांतल्या माणसाची गाऱ्हाणीं बाहेर नेणाऱ्या बाईला वाटेंत अडविणें, हा १९४६ चा प्रकार नव्या जागीं पुन्हा घडला. फरक इतकाच कीं, ह्या वेळीं १२ मार्च २०१५ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती बंदी रद्द केली. तिचें मूळ मनेका गांधी खटल्याच्या १९७८ मधील निकालांत आहे. परदेशीं जाणें हा स्वतः भाषणस्वातंत्र्याचा भाग नसला, तरी त्या स्वातंत्र्याला देशाची वेस ही मर्यादा नाहीं. आणि प्रवासबंदीचा प्रत्यक्ष व अटळ परिणाम वाणी बंद करण्यांत होत असेल, तर ती बंदी घटनेच्या १९ व्या कलमाच्या कसोटीस उतरली पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. शब्दहि कधीं कधीं वस्तूइतका घातक असतो. ऑक्टोबर २०२४ मध्यें शेंकडों विमानांना बाँबच्या खोट्या धमक्या आल्या. हजारों निरपराध प्रवासी ताटकळले. विमानाच्या सुरक्षिततेस धोका येईल अशी खोटी माहिती जाणूनबुजून देणें हा १९८२ पासून गुन्हा आहे, आणि तो असावाच. रांगेंत उभें राहून ‘माझ्या पेटींत बाँब आहे’ अशी थट्टा करणाऱ्या शहाण्याचा कैवार आम्ही घेणार नाहीं; कारण तें मत नव्हे, कृत्य आहे. त्यानें त्याच क्षणीं, त्याच ठिकाणीं गोंधळ उडतो. परंतु खाण नको, वेठ नको, अमुक मंत्री चुकतो, हें म्हणणें मत आहे. तें चूक असेल तर त्याचें खंडन करावें. नाकेदार हा वादविवादाचा पंच नव्हे. शब्दाच्या बाबतींत दाराला विचारण्याचा अधिकार एवढाच कीं, ह्या बोलण्यानें आतां, येथें, विमानाला अपाय होतो काय? त्यापलीकडचा प्रश्न त्याच्या अधिकाराबाहेरचा आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें परदेशीं शिकतात. त्यांना हा विषय दूरचा वाटूं नये. अमेरिकेच्या परवान्याच्या अर्जांत २०१९ पासून समाजमाध्यमांवरील आपलीं नांवें लिहून द्यावीं लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपलीं तेथील पानें सर्वांस खुलीं ठेवण्यास सांगण्यांत आलें आहे. परकी राज्यानें आपल्या दारावर कोणास घ्यावें हा त्याचा अधिकार खरा. पण त्याचा परिणाम आपल्या घरांत होतो. मुलगा चार वर्षांपूर्वीं काय लिहून बसला तें बाप रात्रीं शोधतो. आई म्हणते, ‘पूस तें, कशाला उगाच!’ पुढें पुसण्याचीहि गरज उरत नाहीं, कारण मुलगा लिहीतच नाहीं. नाका येण्यापूर्वींच घरोघर झडती झालेली असते, आणि ती घेणारे आपणच असतों.

माह्या धांगडा बोलला तेव्हां त्याच्याजवळ गमावण्यासारखें आपल्याहून फार थोडें होतें, असें म्हणून कोणी सुटूं पाहील. तें खरें नव्हे. त्याला परत जमीनदाराच्याच मुलखांत जावयाचें होतें. अशा माणसानें जें धैर्य दाखविलें तें शिकलेल्या घरांना पेलत नसेल, तर आपल्या शिक्षणाचें मोल आपणच ठरवावें. बाईंच्या पुस्तकांत सिद्धांत नसेल. पण हा प्रसंग आहे. आपल्या मुलाला परदेशीं पाठवितांना लोणच्याच्या बरणीबरोबर हें पुस्तकहि त्याच्या पेटींत घालावें. बरणीसाठीं त्याला अडविण्याचा पहारेकऱ्याला अधिकार आहे, पुस्तकासाठीं नाहीं.