काउंटीचे लोकनिर्वाचित अधिकारी : तॉकव्हिलच्या विवेचनाचें परीक्षण

आलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच ग्रंथकारानें १८३१-३२ सालीं अमेरिकेंत प्रवास करून तेथील लोकशाहीवर जो ग्रंथ रचिला, त्याचा पूर्वार्ध १८३५ त व उत्तरार्ध १८४० त प्रसिद्ध झाला. स्थानिक स्वराज्याचे अभ्यासक हा ग्रंथ आजही प्रमाण मानतात. परंतु त्यांतील काउंटीविषयक भाग सावधपणें वाचावयास हवा, असें आमचें मत आहे.

काउंटी म्हणजे अनेक गांवें मिळून झालेला, राज्याहून लहान असा कारभाराचा विभाग. ग्रंथकारानें लोकस्वातंत्र्याचें मूळ न्यू इंग्लंडच्या ग्रामसभांत पाहिलें व तेथील काउंटी केवळ कारभाराच्या सोयीची मानिली. मॅसेच्युसेट्सपुरतें हें यथार्थ होतें. तेथें शेरीफासारखे काउंटीचे प्रमुख अधिकारी गव्हर्नर नेमीत असे. अन्य राज्यांत काउंटीस अधिक जीवन आहे हें तो सांगतो, पण त्याचा विस्तार करीत नाहीं. म्हणून त्याचें लक्षण सर्वत्र लावूं गेल्यास अव्याप्तीचा दोष येतो.

न्यूयॉर्कचें उदाहरण घ्यावें. तेथील १८२१ च्या घटनेनें शेरीफ लोकांनीं दर तीन वर्षांनीं निवडावा असें ठरविलें. मुंबईच्या शेरीफामुळें हें नांव आपणांस परिचित आहे, पण तें पद नेमणुकीचें व मुख्यतः मानाचें. अमेरिकेंतील शेरीफाच्या हातीं तुरुंग व न्यायालयाच्या हुकुमांची अंमलबजावणी असते. म्हणूनच त्या कलमांत दोन बंधनेंही घातलीं : मुदत संपल्यावर पुढील तीन वर्षें त्यास पुन्हां तें पद नाहीं, आणि आरोपाची नक्कल देऊन व त्याचें म्हणणें ऐकून गव्हर्नरास त्यास काढतां येईल.

ग्रंथकाराचा मोठेपणाही सांगितला पाहिजे. निवडून आलेल्या अधिकाऱ्यास वरिष्ठ काढूं शकत नाहीं. यास्तव निवडणुकीचें तत्त्व जितकें पसरेल तितकी न्यायालयांची सत्ताही वाढली पाहिजे, हा त्याचा सिद्धांत मार्मिक आहे. न्यूयॉर्कचें कलम पाहतां त्यास एवढीच पुरवणी जोडावी लागते कीं, पदाची मुदत व सुनावणीनंतरची बडतर्फी हेही अंकुश होऊं शकतात.

हा वाद केवळ पुस्तकी नाहीं. आज बहुतेक राज्यांत शेरीफ स्वतंत्रपणें निवडला जातो. काउंटीचें मंडळ त्याचा खर्च मंजूर करतें, पण सामान्यतः त्यास काढूं शकत नाहीं. मग त्याच्या तुरुंगांत गांजलेल्या कैद्यानें पुढील निवडणुकीची वाट पाहावी काय?

ग्रंथांतील चित्रही पुढें पालटलें. १८५५ त मॅसेच्युसेट्सनेंही शेरीफाची निवडणूक घटनेंत आणिली. उलट कनेक्टिकटनें १९६० त काउंटीचा कारभार मोडला व २००० त काउंटीचें शेरीफपदही रद्द केलें. ग्रंथ अवश्य वाचावा; मात्र काउंटीचा भाग वाचतांना त्या त्या राज्याची घटना शेजारीं ठेवावी.