एका वाळवंटी प्रवासवहीचे दोन पाठ

विठ्ठलवाडी येथील एका वृद्ध दांपत्याने २०१८ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पश्चिम भागातील वाळवंटात मोटारीने प्रवास केला. त्याची हस्तलिखित हकीकत आमच्याकडे अभिप्रायार्थ आली आहे. पती रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस होते, पत्नी गृहिणी. उभयतांच्या इच्छेवरून त्यांची नावे येथे देत नाही. आप्तमंडळी ही हकीकत छापू पाहत आहेत, आणि कोणता मजकूर छापावा याविषयी आमचा सल्ला विचारला आहे. प्रश्न घरगुती दिसतो. परंतु जुनी दप्तरे व पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस तो नित्याचाच आहे, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

हस्तलिखिते दोन आहेत. पहिले, ज्यास आम्ही 'अ' म्हणतो, ते पत्नीच्या हातची रोजची टाचणवही होय. शाई निळी, अक्षर घाईचे, पण सुवाच्य. समासात पतीने शिसपेन्सिलीने अंतरे, लोहमार्गांची रुंदी व लहान नकाशे टिपले आहेत. दुसरे, 'ब', ही पतीने घरी परतल्यावर वर्षभराने सिद्ध केलेली शुद्ध प्रत होय. ती अक्षराने सुंदर व भाषेने प्रौढ आहे, आणि विस्ताराने पहिलीच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे. 'ब' हीच छापावी, असा आप्तांचा कल आहे.

प्रवासाचा मार्ग दोन्हींत एकच आहे. लॉस एंजेलिसहून निघून बार्स्टो व कॅलिको, तेथून डेथ व्हॅली, मग नेव्हाडा संस्थानातील ऱ्हायोलाइट, गोल्डफील्ड, टोनोपा व व्हर्जिनिया सिटी, आणि अखेर पुन्हा कॅलिफोर्नियातील बोडी. यांतील बहुतेक गावे चांदी, सोने वा क्षार यांवर वसली, लोहमार्गाने वाढली आणि खाणी आटताच कमी-अधिक उजाड झाली. इतिहासाची आवड असणाऱ्यास असा मुलूख म्हणजे उघडे दप्तरच होय.

प्रथम 'ब' प्रतीचे गुण सांगणे न्याय्य आहे. लोहमार्गाच्या बाबतीत पतीची नजर तज्ज्ञाची आहे. व्हर्जिनिया सिटीचा मार्ग १८६९ त सुरू होऊन १८७२ त रीनोपर्यंत पोचला, १९५० त बंद पडला आणि १९७६ पासून त्याचा काही भाग प्रवाशांसाठी पुन्हा चालू झाला, हा क्रम त्यांनी नीट दिला आहे. बोडीच्या अरुंद मार्गाविषयी ते लिहितात की तो १८८१ त केवळ मोनो सरोवराकडील गिरणीतून लाकूड आणण्यासाठी बांधला गेला व इतर कोणत्याही लोहमार्गास कधी जोडला गेला नाही. ही गोष्ट सामान्य प्रवासी पाहत नाही. ठिकठिकाणी त्यांनी आपल्या बोरघाटाशी तुलना केली आहे. सदतीसास एक हा चढ, गाडीची दिशा फिरविण्याचे १९२९ पर्यंत चाललेले स्थानक आणि १८६१ च्या सुमारास घाटात राबणारे सुमारे ४२ हजार मजूर, ही माहिती त्यांनी अचूक दिली आहे. ज्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी वसली तो १८५४ त कल्याणास आला व १८६३ त घाट चढून गेला. त्या मार्गाच्या नोकराने परदेशचे मार्ग तपासावेत हे उचित झाले.

आता दोष. शुद्ध प्रत करिताना मजकूर केवळ शुद्ध झालेला नाही. तो बदललेला आहे. येथे आम्ही चार स्थळे दाखवितो.

पहिले स्थळ टोनोपाचे. तेथील चांदी १९०० साली जिम बटलर यास सापडली. 'ब' प्रतीत अशी कथा आहे की त्याचे गाढव रात्री सुटले, त्यास मारण्यास त्याने दगड उचलला, तो जड लागला आणि त्यात चांदी निघाली. 'अ' प्रतीत या कथेचा मागमूस नाही. तेथे असे आहे की बटलरची पत्नी बेल हिने त्याच्यासह जाऊन खाणीच्या जागा आखल्या आणि जी जागा सर्वांत श्रीमंत ठरली, ती 'मिझ्पा', तिनेच नावारूपास आणली. 'ब' मध्ये बेल नाही, गाढव आहे. गाढवाची कथा निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते व ती लोककथा म्हणूनच घेतली पाहिजे. बेल बटलरचा भाग मात्र इतिहासास धरून आहे. म्हणजे शुद्ध प्रतीत प्रमाण गाळले गेले व प्रवाद आत आला.

प्रवाद फेकून द्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. या धनगराने इंग्रज अभियंत्यास घाटाची वाट दाखविली, अशी कथा तेथे चालत आली आहे. घाटाचा आराखडा बर्कले याच्या नावावर आहे, आणि कागदांत धनगर शोधू गेल्यास तो सहज सापडणार नाही. तथापि डोंगरच्या वाटा डोंगरच्या माणसांस ठाऊक होत्या, एवढे सत्य त्या कथेने जपले. प्रवाद ठेवावा, पण प्रवाद म्हणून ठेवावा. ज्या घाटाची तुलना पती वारंवार करितात, त्याच घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त मुंबईस येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि ठेका त्याची पत्नी ॲलिस हिने आपल्या हाती घेऊन तडीस नेला. तिचे नावही 'ब' मध्ये नाही, जरी घाटाची माहिती दोन पाने भरून आहे.

दुसरे स्थळ डेथ व्हॅलीचे. समुद्रसपाटीहून २८२ फूट खोल असलेल्या या दरीत १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी नावाचा कारखाना चालला. 'ब' प्रत त्यास 'बोरॅक्सचा कारखाना' म्हणून पुढे जाते. 'अ' मध्ये पत्नी लिहिते, 'हा तर आपला टाकणखार, सोनार डाख देताना वापरतो तो.' या एका वाक्याने मराठी वाचकास जे कळते ते परिच्छेदाने कळणार नाही. तो माल १६५ मैल दूर मोहावी येथील लोहमार्गापर्यंत ज्या गाड्यांनी जाई, त्या 'वीस खेचरांच्या' म्हणून प्रसिद्ध आहेत. सामान्यतः त्यात अठरा खेचरे व दोन घोडे असत, एवढी टीप दोन्ही पाठांस जोडावी.

तिसरे स्थळ ऱ्हायोलाइटचे. येथे १९०४ त सोने सापडले व दोन-तीन वर्षांत तीन लोहमार्ग, पेढ्या, वीज, छापखाने व रुग्णालय असे नगर उभे राहिले. 'ब' म्हणते की वस्ती दहा हजार होती. हा आकडा भरभराटीच्या जाहिरातीस शोभतो. बहुतेक अभ्यासक साडेतीन ते पाच हजार मानितात, आणि १९१० च्या शिरगणतीत तेथे ६७५ माणसे मोजली गेली. १९११ त मुख्य खाण बंद पडली, १९१६ त वीज तोडली गेली. 'अ' मध्ये वस्तीचा आकडाच नाही. त्याऐवजी शाळेच्या भग्न भिंतींचे वर्णन आहे: दुमजली इमारत १९०९ च्या सुमारास पुरी झाली, तोवर गाव ओसरू लागले होते. ज्या शाळेस मुले पुरी मिळालीच नाहीत, त्या शाळेपुढे ही बाई दोन पृष्ठे लिहीत बसली. आयुष्य शाळेत घालविलेल्या आम्हांस ती दोन पृष्ठे सर्व प्रवासवर्णनात श्रेष्ठ वाटली. 'ब' मध्ये तेथे 'शाळेचे अवशेष पाहिले' एवढेच आहे.

चौथे स्थळ कॅलिको व बोडी यांचे, आणि सर्व प्रश्नाचा निकाल आमच्या मते येथेच लागतो. कॅलिको येथे १८८१ त चांदी सापडली व पुढे गाव ओस पडले. १९५१ त वॉल्टर नॉट या गृहस्थाने ते विकत घेऊन पुष्कळ घरे नव्याने उभारली, आणि १९६६ त ते जिल्ह्याच्या स्वाधीन केले. 'ब' मध्ये ही सर्व घरे १८८१ ची म्हणून वर्णिली आहेत. खरी जुनी त्यांत थोडीच. बोडी याच्या उलट आहे. १९६२ पासून ते राखीव झाले, आणि तेथील नियम असा की जे पडते आहे त्यास टेकू द्यावा, पण नवे करू नये. खिडकीतून पाहिले असता मेजावरच्या वस्तू, शाळेतील बाके व पुस्तके धूळ साचलेली तशीच दिसतात. 'अ' मध्ये त्यांची यादीच आहे. 'ब' मध्ये कॅलिकोस तीन पाने मिळाली, बोडीस एक, कारण पतीस कॅलिको 'अधिक व्यवस्थित' वाटले.

पोथी-संपादनाशी ज्यांचा संबंध आहे त्यांस हा भेद समजावून सांगणे नको. ऱ्हायोलाइट हा त्रुटित पाठ होय. बोडी हे कीड लागलेले, पण अस्पर्श मूळ हस्तलिखित होय. कॅलिको ही अशी प्रत होय, जिच्यात लेखकाने गाळलेल्या जागा आपल्या बुद्धीने भरल्या आणि भरल्याची खूण ठेविली नाही. पुण्यास महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करिताना भांडारकर संस्थेतील पंडितांनी दशकानुदशके जो श्रम केला, तो बव्हंशी अशा भरतीपासून मूळ वेगळे काढण्याचाच होता. आपल्या प्रवासवाङ्मयातही उदाहरण आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ त चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, तो संपादकीय फेरफारांसह. मूळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ त छापला. मधली एकोणसाठ वर्षे वाचकांनी वरसईच्या भटजींचा आवाज म्हणून जो ऐकला, तो पूर्णपणे त्यांचा नव्हता. वैद्यांच्या विद्वत्तेस व हेतूस यामुळे बाध येत नाही. परंतु सद्धेतूने केलेला फेरफार हाही फेरफारच होय.

'ब' प्रतीतील पतीचा हेतूही सत् आहे, यात आम्हांस शंका नाही. पत्नीचे लिखाण लोकांपुढे नीट दिसावे म्हणूनच त्यांनी वर्षभर खपून ती प्रत केली. पण त्या प्रतीत सर्वत्र 'आम्ही' आहे, आणि त्या 'आम्ही'त पत्नी उरलेली नाही. तिचा टाकणखार गेला, तिची शाळा गेली, आणि तिने टिपलेली बेल बटलरही गेली. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. 'अ' हा पाठ जसाच्या तसा छापावा, त्यातील घाईची वाक्येही सुधारू नयेत. पतीच्या समासातील टिपा व नकाशे त्यांच्या जागी, त्यांच्या नावानिशी द्यावेत. त्यांची योग्यता मोठी आहे. 'ब' मधील लोहमार्गांची माहिती परिशिष्टात घ्यावी. चुका तळटीपेत दुरुस्त कराव्यात, मजकुरात नव्हे.

एक गोष्ट दोन्ही पाठांत नाही, व तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. या दांपत्याने परक्या वाळवंटातील प्रत्येक पाटी उतरून घेतली. पण त्यांच्या विठ्ठलवाडीलगतच दुसऱ्या महायुद्धात लष्कराची जी कल्याण छावणी होती आणि फाळणीनंतर जिच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, तिचा उल्लेख तुलनेसाठीही येत नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले. लोहमार्ग, लष्कर व निर्वासित यांनी वसविलेले हे नगर ओस पडले नाही, उलट दाटले. म्हणूनच त्याचे जुने रूप अधिक वेगाने पुसले जाते. बोडीच्या मेजावरची बशी सुरक्षित आहे. येथील घराघरांतील नुकसानभरपाईचे अर्ज, शिधापत्रिका आणि अरबी वळणाच्या सिंधी लिपीतील पत्रे नातवंडांस वाचता येत नाहीत व रद्दीत जातात.

आमच्या मंडळींचे लक्ष अंबरनाथच्या शके ९८२ च्या शिलालेखावर असते, आणि ते योग्यच आहे. पण त्या देवळाजवळून वाहणारी वालधुनी पुढे ज्या वस्त्यांतून जाते, तेथेही कागद आहेत, आणि ते शिळेवर कोरलेले नाहीत. आमच्या संग्राहकांपैकी सिंधी लिपी वाचणारा कोणी असल्यास त्याने प्रथम या कामास लागावे. आणि ही प्रवासवही लिहिणाऱ्या बाईंस आमची विनंती आहे की त्यांनी आणखी एक कोरी वही घ्यावी व आपल्या गल्लीपासून आरंभ करावा. पाहून टिपण्याची हातोटी त्यांच्यापाशी आहे. शुद्ध प्रत कोणी न केली तरी चालेल.