‘मॅक्बेथ’मधील दैव आणि अपराध : हस्तलिखितांची साक्ष

शेक्सपिअरकृत ‘मॅक्बेथ’चा १६२३ पूर्वींचा छापील पाठ उपलब्ध नाहीं. त्यांतील हेकेट देवतेचा भाग बहुतेक संशोधक प्रक्षिप्त मानतात. कारण तेथें केवळ निर्देशिलेलीं गीतें मिडल्टनच्या ‘द विच’ नाटकाच्या हस्तलिखितांत संपूर्ण मिळतात. हा भाग वगळल्यास दैवाचें प्राबल्य उणावतें. चेटकिणी राज्यप्राप्तीचें भविष्य वर्तवितात, खुनाचा उपदेश करीत नाहींत. तो महत्त्वाकांक्षा करिते. १६११ सालीं प्रयोग पाहिलेल्या सायमन फोरमनचें हस्तलिखित टिपण ऑक्सफर्ड येथें आहे. त्यांत हेकेटचा उल्लेख नाहीं. केवळ मौन हा पुरावा नव्हे. परंतु हातांवरून न धुतलें जाणारें रक्त, बँकोचें भूत व राणीची झोपेंतील कबुली यांची नोंद त्यांत स्पष्ट आहे. सबब या शोकांतिकेचें मर्म दैवांत नसून अपराधाच्या जाणिवेंत आहे, असें आमचें मत आहे.