‘सर्वोत्तम’ नियंत्रक: कोणत्या हिशेबाने?

आज आपण एक जुना निबंध वाचायला घेतला आहे. जॉन डॉयल यांचा, १९७८ सालचा, जेमतेम दोन पानांचा. त्याचा सारांश तर अवघ्या तीन शब्दांत संपतो. नियंत्रणाची पद्धत निवडताना या निबंधाचा दाखला अजून दिला जातो. पण आपल्याला वाटतं, तो पुष्कळदा चुकीचा दिला जातो.

आधी पार्श्वभूमी बघू. मोटरवर चालणाऱ्या गाडीवर एक काठी उभी तोलायची आहे. एलक्यूआर पद्धतीत आपण दोन गोष्टींची किंमत लावतो: काठी किती कलली आणि मोटरला किती जोर लागला. एकूण किंमत कमीत कमी ठेवणारा नियंत्रक गणित काढून देतं. वर एक हमी मिळते. काठी आणि गाडी यांच्या स्थिती आणि वेग, सगळं मोजता येत असेल, तर मोटरचा जोर अंदाजाच्या निम्म्यापर्यंत उतरला किंवा कितीही वाढला, तरी मॉडेलपुरता तोल जात नाही.

पण सगळं मोजायला सेन्सर कुठे असतात? मग जे मोजता येत नाही त्याचा अंदाज कालमन फिल्टर बांधतो. दोन्ही जोडले की झाली एलक्यूजी. दोन्ही भाग सर्वोत्तम, जोडही सर्वोत्तम. तेव्हा हमी शाबूत राहील असं वाटणं साहजिक होतं. डॉयल यांनी एक छोटं अस्थिर उदाहरण घेऊन दाखवलं, की हमी राहत नाही. जोरात किंचित फरक पडला तरी तोल जाईल, अशी रचनासुद्धा ‘सर्वोत्तम’ ठरू शकते.

निबंधाचं बळ नेमकेपणात आहे. तो फक्त हमी मोडतो. वाचकांनी मात्र ‘एलक्यूजी वाईट’ असा अर्थ काढला, आणि तो निबंधात नाही. मुद्दाम निवडलेल्या एका उदाहरणावरून तसं म्हणताही येणार नाही. एलक्यूजी वापरा, पण मार्जिन स्वतः तपासा, एवढंच त्यातून निघतं.

आमची तक्रार एकच: मग करायचं काय, ते या दोन पानांत नाही. ते पुढे आलं. १९८९ च्या निबंधात डॉयल, ग्लोव्हर, फ्रान्सिस आणि आयआयटी मुंबईत शिकलेले प्रमोद खरगोनेकर यांनी एच-इन्फिनिटी पद्धतीची सुटसुटीत सूत्रं दिली. तिथे मॉडेलमधली शंकाच हिशेबात धरता येते. पण सगळ्यात वाईट प्रसंग धरून चाललं की एरवीचं काम मंदावू शकतं. शिवाय १९९७ मध्ये कील आणि भट्टाचार्य यांनी दाखवलं, की अशा पद्धतींनी काढलेल्या नियंत्रकाचे स्वतःचेच आकडे किंचित हलले, तर यंत्रणा अस्थिर होऊ शकते. म्हणजे डॉयल यांचाच प्रश्न फिरून नव्या पद्धतींच्या दारात आला!

तेव्हा ‘कोणती पद्धत सर्वोत्तम?’ हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्याला काय माहीत नाही, ते आधी विचारू. पाण्याच्या टाकीची पातळी एका व्हॉल्व्हने राखायची असेल, तर पीआयडी बहुधा पुरतं. व्हॉल्व्ह किती उघडतो ही मर्यादाच अडचण असेल, तर एमपीसी बघावं. मॉडेलवरच भरवसा नसेल, तर एच-इन्फिनिटीसारख्या पद्धतींकडे वळावं. आणि काहीही निवडलं, तरी ‘सर्वोत्तम’ या शब्दापुढे विचारावं: कोणत्या हिशेबाने?

आता तुमचे प्रश्न घेऊ.