‘अजून तयारी नाही’: ‘मुंबई-पुणे-मुंबई ३’मधील मातृत्वाचा निर्णय

सतीश राजवाडे यांच्या चित्रपटत्रयीतील पात्रसंख्येची वाढ अर्थपूर्ण आहे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) जवळजवळ दोघांच्याच संवादावर उभा होता. दुसऱ्या भागात (२०१५) विवाहानिमित्त दोन्ही घरे आली; तिसऱ्यात (२०१८) गर्भधारणा होताच ती निर्णयात शिरली. बेत नसताना आलेल्या गरोदरपणाने गौरीच्या मनात उठणारी द्विधा हा येथील खरा नाट्यविषय. मुक्ता बर्वे यांनी ती ज्या संयमाने पेलली, तेवढा विश्वास पटकथेने तिच्यावर ठेवलेला नाही. ‘नको’चा अर्थ ती ‘अजून तयारी नाही’ एवढाच लावते. मग तयारी करून घेणे हे कुटुंबाचे काम ठरते. जबलपुरात कमानिया गेटजवळच्या एका मराठी घरी मी हा चित्रपट पाहिला. घरच्या ज्येष्ठांनी मनापासून दाद दिली. सून गप्प होती.

किरुतिगा उदयनिधी यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (२०२५) या तमिळ चित्रपटातील श्रिया विवाहाविना, वीर्यदानाच्या साहाय्याने आई होण्याचे ठरवते. हा होकार सर्वस्वी तिचा आहे, म्हणून तो अधिक धीट वाटतो. मात्र मूल नको म्हणण्याची मुभा तेथेही आहे ती सिद्धार्थला, आणि त्याचा नकार स्वभावविशेष म्हणून सहज खपून जातो.