गाजर गवत 'गवत' नाही, मग चुकलं कोण?

परभणीकडच्या कुठल्याही बांधावर पांढऱ्या बारीक फुलांचं ते तण दाखवून नाव विचारा. उत्तर येईल, 'गाजर गवत'. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते गवत नाहीच; ते सूर्यफूल आणि करडईच्या कुळातलं आहे. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी शेतकऱ्यांनी सांगितलेली नावं तशीच उतरवली आणि 'गवत' मोजताना हेही त्यात मोजलं. सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. तेव्हा वाटलं, चूक लोकांच्या भाषेची.

हे मत बदललं ते स्कॉट ॲट्रन यांच्या 'कॉग्निटिव्ह फाउंडेशन्स ऑफ नॅचरल हिस्टरी' (1990) या पुस्तकामुळे. त्यांचं म्हणणं असं: माणूस कुठल्याही समाजातला असो, प्रत्येक जातीला अंगभूत स्वभाव असतो असं धरूनच तो सजीवांकडे बघतो. गाय एका पायाने अधू झाली तरी आपण तिला वेगळी जात म्हणत नाही. जीवशास्त्र या समजुतीला विरोध करून नाही, तर तिच्यावरच उभं राहिलं.

पुस्तकाची ताकद दिसते ती 'झाड' या कल्पनेच्या इतिहासात. चेसाल्पिनो यांनी 1583 मध्ये फळ आणि बी पाहून वर्गीकरण मांडलं, तरी पहिली वाटणी झाडं आणि लहान रोपं अशीच ठेवली. लिनियस यांनी 1735 मध्ये पुंकेसर मोजून वर्ग पाडले, तेव्हा ती वाटणी गळाली. आज बाभूळ, तूर आणि हरभरा एकाच कुळात बसतात. रोजच्या बोलण्यातून मात्र 'झाड' गेलेलं नाही, आणि जायची गरजही नाही.

माझा आक्षेप पुढे आहे. उपयोगावरून पाडलेले गट ॲट्रन बाजूला ठेवतात, आणि त्यांचं जीवशास्त्र मुख्यतः वर्गीकरणशास्त्रापुरतं राहतं. मग 'तण' कुठे बसवायचं? ज्वारीच्या रानात ज्वारी पीक असते. तीच सोयाबीनमध्ये आपोआप उगवली की तण. हा गट निसर्गाने पाडलेला नाही, आपल्या कामाने पाडलाय. तरीही कृषी विद्यापीठांत तणशास्त्र शिकवतात, त्यात प्रयोग होतात. तिथली विभागणी बघा: गवतवर्गीय, मोथावर्गीय (आपला लव्हाळा यातला) आणि रुंद पानांची. शेतकरी 'लांब पानाचं', 'गोल पानाचं' म्हणतो, ते याच्या जवळचंच. आणि हा फरक खर्चाचा आहे, कारण फक्त गवतवर्गीय तणांवरचं औषध फवारलं तर गाजर गवत जागेवरच राहतं.

म्हणजे रोजच्या विचाराने विज्ञानाला फक्त 'जात' दिली नाही, प्रश्नही दिले. ॲट्रन यांच्या पुस्तकात पहिली गोष्ट भक्कम आहे, दुसरी जवळजवळ नाहीच.

तुम्ही सर्वेक्षणाला निघणार असाल तर तीन रकाने आखा: लोकांनी सांगितलेलं नाव, शास्त्रीय नाव, आणि लोक त्या वनस्पतीचं काय करतात. माझ्याकडे पहिलाच होता. गाजर गवतातल्या 'गवत'चा अर्थ 'नको असलेली वाढ' असा आहे, हे तिसऱ्या रकान्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. चूक शेतकऱ्याची नव्हती. मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता.