अधिछात्रवृत्तीची पाच वर्षे आणि प्रबंधाचा काळ

संशोधकाला शासनाने किती वर्षे पोसावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो. सार्वजनिक निधीला मुदत असावी, हे तत्त्व प्रस्तुत लेखकास मान्य आहे. आक्षेप आहे तो एकाच संशोधकाला लावलेल्या दोन भिन्न मुदतींना.

विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची आहे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व मूल्यमापनानंतर तीन वर्षे वरिष्ठ, अशी तिची विभागणी. १ जानेवारी २०२३ पासून तिचे दर दरमहा अनुक्रमे ३७,००० व ४२,००० रुपये झाले. मात्र नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने ती आठ वर्षांपर्यंत जाते. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. पण ही सवलत पदवीपुरतीच आहे, निर्वाहाला ती लागू नाही. सहावे वर्ष कायदेशीर, पण विनावेतन!

ही पाच वर्षेही प्रत्यक्षात पूर्ण हाती लागत नाहीत. अभ्यासक्रमपूर्व कार्य व विषयमान्यता यांतच पहिल्या वर्षाचा बराचसा भाग जातो. पेशवे दफ्तरातील कागदांवर काम करू पाहणाऱ्याला आधी मोडी वाचण्याचा सराव करावा लागतो. मेळघाटात क्षेत्रकार्य करणाऱ्याला पावसाळ्यात पाड्यांवर पोहोचणे दुरापास्त होते. साहाय्य संपते ते नेमके लेखनाच्या टप्प्यावर. मग संशोधक तासिका तत्त्वावरील अध्यापन पत्करतो, दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करतो आणि प्रबंध मागे पडतो. घरचा आधार असलेला तग धरतो. पहिल्या पिढीतला गळतो. हे चित्र आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे?

जर्मनीत १९७१ च्या शिक्षणसाहाय्य कायद्याने पदवीपूर्व व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या साहाय्याची मुदत अभ्यासक्रमाच्या विहित कालावधीशी जोडली आहे. गर्भारपण, बालसंगोपन वा अपंगत्व यांमुळे विलंब झाल्यास त्याच कायद्यान्वये साहाय्यही वाढते. ती व्यवस्था संशोधकांसाठी नाही, हे खरे. परंतु पदवीच्या मुदतीसोबत साहाय्याची मुदतही हलली पाहिजे, हा तिच्यामागचा विचार घेण्याजोगा आहे.

सरसकट मुदतवाढ देण्याची गरज नाही. विनियमांनुसार संशोधकाला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावीच लागते. लिहून झालेली प्रकरणे पाहून याच समितीने सहाव्या वर्षाच्या साहाय्याची शिफारस करावी. (समितीच्या बैठका अनेक ठिकाणी स्वाक्षरीपुरत्या होतात, या निमित्ताने त्यांना काही काम तरी मिळेल.) नव्या उमेदवारांचा वाटा त्यामुळे घटेल, हा आक्षेप उरतो व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु अपुऱ्या राहिलेल्या प्रबंधावर पाच वर्षांचा खर्च आधीच झालेला असतो. तो कोणत्या खाती मांडायचा, हे आयोगाने सांगावे.